दाराबाहेरचे बूट

साताऱ्यात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. चपला-बूट दाराबाहेर काढायचे, ही तिथली पहिल्या दिवसापासूनची शिस्त. त्याच शिस्तीनं मला एकदा तोंडघशी पाडलं.

जुलैअखेर एक शिक्षक आले, वय 54. हिल मॅरेथॉनची तयारी चालू होती. यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरायचा, एकूण 21 किलोमीटर. डाव्या नडगीची आतली कड दुखत होती. दाबून पाहिली. एकाच टिंबावर कळ आली असती तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घेतली असती, पण दुखणं वीतभर पसरलेलं होतं. घाट बंद केला, पोटरीचे व्यायाम दिले. दहा दिवसांनी सर परत आले, दुखणं जैसे थे. बुटांचं मी विचारलं होतं हो. "तळ घासलेलासुद्धा नाही, मॅडम," ते म्हणाले आणि मी मान डोलावली.

तिसऱ्या खेपेला पाऊस तिरपा आला. रॅक भिजायला लागला म्हणून मी सगळ्यांची पायताणं आत घेतली. सरांचे बूट फरशीवर ठेवले, तर डावा आतल्या अंगाला कलला. सरळ केला, पुन्हा कलला. आत पाय नसताना!

पेपर पसरून दोन्ही बूट टेबलावर घेतले. खालचं रबर खरंच बरं होतं, नक्षी शाबूत. पण धक्का झेलतो तो त्याच्या वरचा फोम. डाव्याच्या आतल्या बाजूला त्यावर आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या आणि अंगठ्यानं दाबला तर दबत नव्हता.

"यांत पळालात किती?"

सर गणिताचे. रोजचं अंतर डायरीत लिहिलेलं. तिथंच बेरीज केली: दिवाळीपासून 1,340 किलोमीटर. शाळा आणि मंडई वेगळी. साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये फोम थकतो. वजन, रस्ता, पळण्याची ढब यांनुसार थोडं पुढंमागं. सर आकड्याकडे बघत राहिले.

सगळं खापर बुटांवर फोडणार नाही मी. जूनमध्ये त्यांनी घाटाच्या फेऱ्या एकदम दुप्पट केल्या होत्या, तेही नडगीला भोवलंच.

मुलीनं पुण्याहून पाठवलेला नवा जोड घरी खोक्यात होता, शर्यतीच्या दिवशी काढायचा म्हणून! मी हातच जोडले. आधी नुसतं चालणं, मग सपाटीवर दोन-तीन किलोमीटर, असे ते पायात रुळवले. दोनेक आठवड्यांत कळ उतरत गेली. रॅक आता आत, माझ्या टेबलाशेजारी असतो.

परवा सरांचा फोन आला. "मॅडम, चांभार म्हणतोय जुन्यांना नवा तळ चिकटवून देतो. देऊ का?"

"मंडईला जायला द्या," म्हटलं.