थिओडोराच्या लडी : तिसरा आठवडा

मंडळी, पहिली लड पूर्ण झाली आणि ती सरळ लोंबते!

इटलीत रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये, 547 च्या सुमारासच्या मोझेइकमध्ये, बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राज्ञी थिओडोराच्या मुकुटातून दोन्ही बाजूंना मोत्यांच्या लडी छातीपर्यंत उतरलेल्या दिसतात. ग्रीक नाव प्रेपेंडुलिया. आपल्या मुंडावळ्याच म्हणा, पण भारदस्त. त्याच मी करतेय.

पहिले दोन आठवडे दोऱ्यात गेले. सवयीने रेशमात ओवलं, प्रत्येक मोत्यामागे गाठ. गळ्यात ती लड सुरेख बसली असती, पण टांगल्यावर पीळ पडायचा आणि मान वळवली की गालाला चिकटायची. मग त्या काळातल्या कानातल्यांचे फोटो पुन्हा नीट पाहिले. तिथे मोती सोन्याच्या तारेत आहेत! म्हणून आता प्रत्येक मोत्याला स्वतःची तार, दोन्ही टोकांना कडी, आणि कडीत कडी. तार 0.5 मिमीची घेतली होती, पण गोड्या पाण्याच्या मोत्यांची भोकं बारीक. बरेच मोती अडले. 0.4 मिमीची पितळी तार सगळ्यांतून गेली. कड्या लहानमोठ्या होत होत्या, त्यावर उपाय सापडला: गोल तोंडाच्या पक्कडीवर मार्करने रेघ मारली आणि दर वेळी तार त्याच रेघेवर वळवली. इतका फरक पडतो की विचारू नका.

मोत्यांमधले हिरवे मणी मात्र काढून टाकले. पैलू पाडलेली काच होती, नुसती चमचमत होती. युरोपात रत्नांना पैलू पाडायची पद्धत कितीतरी शतकांनी आली. थिओडोराच्या काळात खडे घासून गुळगुळीत करत. साधे लांबट हिरवे मणी घातले आणि लडीला एकदम गांभीर्य आलं. हे रंग मनाला वाटले म्हणून निवडलेले नाहीत. थिओडोराचा नवरा, सम्राट जस्टिनियन, याच्या कायदेसंग्रहात लगाम, खोगीर आणि कमरपट्ट्यावर मोती-पाचू जडवायला सामान्यांना बंदी आहे. राजेपण त्या पांढऱ्या-हिरव्यातही होतं.

काल रात्री लड हेअरबँडला बांधून आरशासमोर उभी राहिले. मान हळूच वळवली. लड क्षणभर मागे राहिली, मग झुलत आली, आणि कानापाशी मोत्यावर मोती आपटल्याचा बारीक आवाज झाला. दुसऱ्या लडीसाठी तार कापून ठेवलीय.