सॅन अँटोनियोला जाताय? तं पाटाचं पाणी पाहूनच या

पंधरा दिवसांतला हा तिसरा फोन. आधी जाऊबाईची मुलगी, मंग बचत गटातल्या एकीची विहीण, अन् काल तं आर्वीहून अशा बाईचा आला जिले मी ओळखतही नाही. तिची पोरगी डलासला, दिवाळीनंतर ही चालली, अन् म्हणते "ताई तुम्ही सॅन अँटोनियो पाह्यलं म्हणे, आमाले सांगा ना काय पाहाव अन् काय खाव." दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, कापूस-तूर-सोयाबीनवाले. पोरगा अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला नोकरीवर आहे, तिथून सॅन अँटोनियो म्हणजे आपलं नागपूर-यवतमाळ समजा, गाडीनं दीड-दोन तास. एप्रिलच्या शेवटी गेलो, दोन रात्री राह्यलो. आमचे हे माळकरी, हे आत्ताच सांगून ठेवते कारण खाण्याची निम्मी भानगड तिथंच झाली.

पहिल्याच दिवशी दुपारी जेवायला बसलो. पोरगा कौतुकानं सांगून राह्यला, बाबा हे टाको (मक्याची घडी घातलेली पोळी, आत सारण) मासापासून करतात. मासा! यांनी ताट असं बाजूला सारलं की शेजारच्या टेबलावरचे पाहाले लागले. मंग अर्धा तास समजावण्यात गेला की मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, धुवायचा अन् ओलाच दळायचा, त्या पिठाले तिकडं मासा म्हणतात, पाण्यातला मासा नाही हो. चुना म्हटल्यावर यांना थोडा धीर आला, पानासोबत रोजच खातात ना. तं तुमच्यात कोणी माळकरी असंल तर घरूनच सांगून न्या.

पण खरी काळजी माशाची नाही, चरबीची आहे. तिकडं राजम्यासारखी घोटलेली उसळ असते, रिफ्राइड बीन्स, दिसायला एकदम शाकाहारी, पण जुन्या पद्धतीच्या हॉटेलात ती डुकराच्या चरबीत परततात. लाल भातही पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून ऑर्डर देतानाच विचारायचं, लार्ड आहे का, चिकन स्टॉक आहे का. लाजायचं नाही, ते लोक सरळ सांगतात. आमच्या सुनेनं प्रत्येक ठिकाणी विचारलं अन् दोन दिवस यांचं पोट गव्हाच्या टॉर्टियात बटाटा घालून, ग्वाकामोली (अव्होकाडोची चटणी) अन् चिप्स-सालसा (टमाटर-मिरचीची चटणी) यावर निघालं. गव्हाचा टॉर्टिया म्हणजे आपली पोळीच, जरा जाड. मात्र तीही काही ठिकाणी चरबी घालून मळतात, तेही विचारायचं. चिप्स-सालसा बऱ्याच ठिकाणी बसल्याबसल्या आणून ठेवतात अन् त्याचे पैसे लावत नाहीत. सालसा चांगला असतो, पण आपल्या ठेच्यासमोर लेकरूच.

मी खाणारी आहे. मले विचाराल तं एकच गोष्ट चुकवू नका, पफी टाको. तोच मक्याचा लगदा, पण तव्यावर न भाजता कढईत सोडतात, टम्म फुगते, अन् फुगता फुगता मधोमध दाबून खोलगट करतात. आपली पुरीच झाली ना! त्यात खिमा नाहीतर चिकन, वरून कोबीसारखा कच्चा पाला, टमाटर. रेज ड्राइव्ह इन अन् हेन्रीज पफी टाकोज ही त्याची नावाजलेली ठिकाणं. लगेच खायचं, फोटो काढत बसलात की लिबलिबीत होते. तिथल्या बेसबॉलच्या टीमचा मॅस्कॉट, म्हणजे वेष घालून नाचणारा बाहुला, तं पफी टाकोच आहे, लेकरं त्याच्या मागे मैदानात पळतात. पुरीले एवढा मान आपल्याकडं पण नाही.

अलामोचं सांगते आता, कारण सगळे त्यासाठीच जातात. १७१८ साली स्पेनच्या पाद्र्यांनी या शहरात मिशन, म्हणजे चर्चभोवतीची वस्ती, वसवलं, पुढं त्याची गढी झाली. १८३६ मध्ये टेक्सासवाल्यांचं मेक्सिकोविरुद्ध बंड चालू होतं तेव्हा दोनेकशे लढणारे आत अडकले, मेक्सिकोचा सेनापती सांता अॅना याच्या फौजेनं तेरा दिवस वेढा घातला अन् ६ मार्चले पहाटे ते जवळपास सगळे कापून काढले. पुढच्याच महिन्यात सॅन जॅसिंटोला टेक्सासवाल्यांचा सेनापती सॅम ह्यूस्टन यानं सांता अॅनाले हरवलं, तेव्हा त्याची माणसं "अलामो आठवा" म्हणत तुटून पडली. गोष्ट मोठी आहे, पण जागा पाहून यांचं तोंड पडलं. "एवढंच? आपल्या गाविलगडाचा एक दरवाजा याच्याहून मोठा." शहराच्या मधोमध, चारी बाजूंनी हॉटेलं, अन् समोरून तो कमानीसारखा माथा जो फोटोत दिसते तो तं लढाईच्या वेळी नव्हताच, अमेरिकन लष्करानं १८५० च्या सुमारास बसवला. चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, पण वेळ आधी ऑनलाइन बुक करा. दोन तास पुरे.

एक गोष्ट मले खटकली. मेक्सिकोनं गुलामगिरी १८२९ लेच बंद केली होती, अन् हे बंड करणारे पुष्कळसे कापूस पिकवणारे, त्यांना गुलाम पाहिजे होते. म्हणजे भांडणात कापूसही होता. पुढं तिकडं यादवी झाली, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस इंग्लंडले जायचा थांबला अन् आपल्या वऱ्हाडातल्या कापसाले भाव चढला. पोराले सांगितलं तं म्हणते आई इथं पण कापूस का. हाव रे बाबा, इथं पण कापूस.

अलामोच्या बाजूलाच मेंगर हॉटेल आहे, १८५९ चं. राहायला महाग. पण आत जाऊन आंब्याचं आइस्क्रीम खाता येते, ते त्यांचं प्रसिद्ध आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडचा आंबा सोडून आलेल्या माणसानं ते खाल्लं की थोडं बरं वाटते. थोडंच.

रिव्हर वॉक संध्याकाळी करा. नदी रस्त्यापासून एक मजला खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं, दोन्ही काठांनी फरशी, झाडं, छोटे पूल. १९२१ मध्ये या नदीले पूर आला अन् पन्नासेक माणसं मेली. त्यानंतर धरण झालं, अन् शहरातलं नदीचं वळण बुजवून टाकावं असंही काहींचं म्हणणं होतं. रॉबर्ट हगमन नावाच्या वास्तुविशारदानं १९२९ ले उलटा नकाशा मांडला, बुजवू नका, सजवा. सरकारी रोजगार योजनेतून १९३९ ते ४१ मध्ये काम झालं. आपल्या रोहयोसारखं समजा, पण असं टिकलेलं. काठावरचं जेवण महाग अन् ठीकठाक, पैसे नदीचे लागतात. रंगीत छत्र्यांचं कासा रिओ १९४६ पासून आहे, तिथं काहीतरी थंड पिऊन घ्या, पोट भरायला वर जा. बिलावर सव्वाआठ टक्के टॅक्स अन् वर अठरा-वीस टक्के टीप, हे धरूनच मेनू वाचा.

पोट भरायला मी तं मार्केट स्क्वेअरच सांगीन. तिथं मी तिएरा म्हणून हॉटेल आहे, नाव मराठी वाटते पण अर्थ "माझी भूमी", १९४१ पासूनचं. बाराही महिने छताले दिवाळीसारख्या माळा, दारातच बेकरीचं काचेचं कपाट, शंखासारख्या रेघा पाडलेला गोड पाव, कोंचा. चहात बुडवायला नंबर एक. मारियाची म्हणजे मेक्सिकन गाणारे-वाजवणारे टेबलाजवळ येतात, हसून मान हलवली की गाणं सुरू अन् गाण्याचे पैसे वेगळे, आमच्या यांनी दोनदा मान हलवली. आम्ही गेलो तेव्हा फिएस्टा, म्हणजे शहराचा उत्सव, सुरू होता, एप्रिलमध्ये असते, त्यात रंगीत कागदाचे कपटे भरलेली अंड्याची टरफलं एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. एका लेकरानं नेमकं माळकऱ्याच्याच डोक्यावर फोडलं. आत नुसते कागदच होते म्हणून निभावलं. फिएस्टाच्या दिवसांत हॉटेलचे भाव चढतात, तेवढं पाहा.

रात्री सॅन फर्नांडो चर्चच्या भिंतीवर शहराचा इतिहास दिव्यांनी दाखवतात, चोवीस मिनिटं, फुकट. रोज नसते, वार पाहून जा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. अलामो धरून पाच मिशनं आहेत, २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. बाकीची चार नदीकाठानं दक्षिणेकडं: कन्सेप्सिऑन, सॅन होजे, सॅन हुआन अन् एस्पाडा. तिकीट नाही, गर्दी नाही. आजही तिथं रविवारची प्रार्थना होते. सॅन होजे सगळ्यात देखणं, दगडात कोरलेली गुलाबाची खिडकी पाहत उभंच राहावं वाटते. पण यांनी सगळ्यात जास्त वेळ कुठं काढला? एस्पाडाच्या पाटावर.

या मिशनांनी पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी नदीवर बांध घालून पाट काढले, असेकिया म्हणतात. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उतारानं पाणी. मधे एक नाला येते, तर त्याच्यावरून दगडी कमानींचा पूल करून पाट पलीकडं नेला, १७४५ च्या सुमाराचं काम. अन् पाणी आजही वाहते! यांनी खाली बसून हात घातला, मंग काठाकाठानं चालत गेले, उतार किती, गाळ कोण काढते, सगळं पोराले विचारून. आमचं वावर कालव्याच्या टेलवर, म्हणजे शेवटच्या टोकाले, पाणी सुटलं हे आम्हाला वरच्या शेतकऱ्याच्या हिरव्या गव्हावरून कळते. अन् माझं माहेर साकोलीकडचं, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या मुलखातलं, तिथं पण असंच जुनं डोकं लावलेलं पाणी, म्हणून मले तो पाट पाहून डोळ्यात पाणीच आलं थोडं. एका दिवसात भिजेल एवढ्या जमिनीच्या तुकड्याले तिकडं "सुएर्ते" म्हणायचे, चिठ्ठ्या टाकून वाटायचे, अन् त्या शब्दाचा अर्थच नशीब. हे ऐकून हे हसले, म्हणे टेलवाल्यानंच ठेवलेलं दिसते नाव.

तिथं जायला गाडी असलेली बरी. सायकलचा रस्ताही आहे नदीकाठानं, तरण्यांसाठी. सावली कमी, पाणी सोबत ठेवा, उन्हाळा आपल्यासारखाच तापते, वर दमटपणा वेगळा, म्हणून नोव्हेंबर ते मार्च जा.

त्या पाटाले पाणी देणारा नदीवरचा बांध मात्र पाहायचा राह्यला. पोरगा म्हणे संध्याकाळ झाली, गाडी काढायची. आता पुढच्या वेळी हे अलामोच्या बाजूनं पण फिरकणार नाहीत म्हणाले, आधी एस्पाडाचा बांध, मंग बाकी काय ते.