जॉब कार्डाशिवाय काम लावायचं नाही

गेल्या जुलैमधली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते, बाहेर सकाळपासून धरलेला पाऊस, आणि चाकणच्या एका कस्टमरचा मेल आला. आमच्याकडून गेलेल्या बेअरिंग हाउसिंगपैकी ३८ नग त्यांच्याकडे मशिनिंगमध्ये बाद झाले होते. टूल आत शिरलं आणि ब्लोहोल, म्हणजे ओतकामात गॅस अडकून राहिलेली भोकं, उघडे पडले. सोबत चार फोटो, आणि खाली दोन ओळी : उद्या दुपारपर्यंत ८डी रिपोर्ट पाठवा, तोवर पुढचं शेड्युल थांबवलं आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका छोट्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात काम करते. यंदा एकोणीस वर्षं झाली. डिस्पॅच, बिलं, पेमेंटचा पाठपुरावा आणि क्वालिटीची कागदपत्रं हे सगळं माझ्याच टेबलावर येतं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते : ८डी म्हणजे माल बाद झाल्यावर कस्टमरला द्यायचा आठ टप्प्यांचा खुलासा. पद्धत मूळची फोर्ड कंपनीची, १९८० च्या दशकातली. टीम कोण, नेमकं काय बिघडलं, तात्पुरता बंदोबस्त काय केला, मूळ कारण काय, मग कायमचा उपाय. चौथा टप्पा मूळ कारणाचा, आणि सगळं वजन त्याच्यावर असतं. कस्टमरचा क्वालिटी इंजिनिअर बाकीची पानं भराभर उलटतो आणि तिथे थांबतो.

तेव्हा मला एआय असिस्टंट वापरायला लागून तीन-चार महिने झाले होते. इंग्रजी मेल त्यातून झटपट व्हायचे. मी एका ओळीत लिहिलं : ‘ग्रे आयर्न कास्टिंगमधल्या ब्लोहोलसाठी ८डी रिपोर्ट बनव.’ मिनिटभरात दोन पानं तयार. भाषा अशी स्वच्छ, की मी एवढ्या वर्षांत तसा रिपोर्ट लिहिला नव्हता. प्रिंट काढली आणि सहीसाठी मोल्डिंगच्या मामांकडे नेली. मामा म्हणजे आमचे सुपरवायझर. सगळी फाउंड्री त्यांना मामाच म्हणते. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागतो, पण आकडे त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. चौथ्या टप्प्यावर बोट ठेवून म्हणाले, “ताई, ह्यो चार पॉइंट आठ टक्क्यांचा आकडा कुठनं आला ओ?”

तिथे लिहिलं होतं की तपासणीत सँडमधला, म्हणजे साच्याच्या वाळूतला, ओलावा ४.८ टक्के आढळला आणि तो ३.५ टक्क्यांवर आणण्यात आला. अशी तपासणी कुणी केलीच नव्हती. मी आकडा दिला नव्हता, मामांनी दिला नव्हता. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूला असंच म्हणतात) ओलावा जास्त झाला की वाफ धरते आणि ब्लोहोल येतात हे खरंच आहे, कुठल्याही फाउंड्रीच्या पुस्तकात सापडेल. म्हणूनच तो आकडा मला खटकला नाही. वाचायला तो खरा वाटत होता. मामांनी विचारलं नसतं तर आमच्या मालकांच्या सहीने एक खोटी तपासणी कस्टमरच्या फाइलला लागली असती, आणि पुढच्या ऑडिटला त्यांनी त्या दिवशीचं सँड टेस्टिंगचं रजिस्टर मागितलं असतं.

त्या क्षणी मामा जे बोलले ते मी दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. “जॉब कार्डाशिवाय काम लावलंसा तर असंच व्हनार.”

आमच्याकडे जॉब कार्डाशिवाय काम लागत नाही. पार्ट नंबर, ड्रॉइंगचं रिव्हिजन, मटेरिअलची ग्रेड, किती नग, कुठल्या मापाला किती टॉलरन्स म्हणजे किती फरक चालेल, हे सगळं कार्डावर असतं. ड्रॉइंगमध्ये एखादं माप दिसत नसेल तर चांगला ऑपरेटर मशीन थांबवतो आणि ऑफिसात विचारायला येतो. एआय थांबत नाही. माप नसेल तर जवळपास बसेल असं माप धरून नग काढून देतो, आणि फिनिशिंग इतकं चकाचक असतं की चूक डोळ्यांना दिसत नाही. त्याने थांबावं, विचारावं असं वाटत असेल तर तसं कार्डावरच लिहावं लागतं. एआयला द्यायच्या सूचनेला प्रॉम्प्ट, प्रॉम्प्ट म्हणून जे सगळीकडे ऐकू येतं, ते माझ्या लेखी हेच जॉब कार्ड आहे.

त्याच संध्याकाळी मी दुसऱ्यांदा लिहिलं. ते जसंच्या तसं देते, कारण अजूनही मी बहुतेक कामांना याच साच्यातून सुरुवात करते :

‘आमची ग्रे आयर्न फाउंड्री आहे, ग्रेड एफजी २६०. कस्टमर गाड्यांचे सुटे भाग बनवतो. त्यांच्या क्वालिटी इंजिनिअरसाठी इंग्रजीत ८डी रिपोर्टचा मसुदा हवा आहे. खाली मी दिलेली माहिती सोडून दुसरी कुठलीही माहिती वापरू नकोस. आकडा, तारीख, तपासणी स्वतःहून घालू नकोस. जिथे माहिती नाही तिथे जागा मोकळी सोड आणि ती कुणाकडून मिळवायची ते लिही. मूळ कारण तू ठरवू नकोस. लिहायला घेण्याआधी तुला पडलेले प्रश्न मला विचार.’

अकरा प्रश्न आले. बाद नग एकाच हीटचे, म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेल्या रसाचे, आहेत की वेगवेगळ्या? भोकं कोपच्या (साच्याच्या वरच्या अर्ध्या भागाच्या) बाजूला आहेत की ड्रॅगच्या (खालच्या), की कोअरला, म्हणजे नग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याला, लागून? कोअर कधी बनवले आणि मोल्डमध्ये कधी बसवले? ओततानाचं तापमान नोंदलं आहे का? मी ते प्रश्न मराठीत एका कागदावर उतरवले आणि मामांना दिले. मामा कागद घेऊन शेडमध्ये गेले ते पाऊण तासाने परत आले. तोवर मी कस्टमरचे फोटो मोठे करून पाहिले. चारही नगांवर एकच हीट कोड होता. फोटो मेल आल्यापासून माझ्यासमोर होते, पण कोड बघायचं मला तोवर सुचलं नव्हतं.

ती हीट मंगळवारची पहिली होती. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. कोअर रविवारी बनवून रॅकवर ठेवलेले, रॅक पश्चिमेच्या खिडकीजवळ, आणि रविवार-सोमवार दोन्ही दिवस पाऊस. कोअरनं ओल धरली होती. ३८ च्या ३८ नगांत भोकं कोअरच्या बाजूलाच होती. मोल्डच्या सँडचा काही संबंध नव्हता. म्हणजे पहिल्या रिपोर्टमधला तो आकडा नुसता बनावट नव्हता, त्याने आम्हाला सरळ चुकीच्या जागी नेलं असतं. आम्ही सँडमधलं पाणी कमी करत बसलो असतो आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच झालं असतं.

कारण मामांनी शोधलं, एआयने नाही. प्रश्नांची यादी मात्र त्या घाईत आमच्यापैकी कुणीच केली नसती, हेही तितकंच खरं आहे. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी साडेअकराला गेला. रॅक खिडकीपासून हलवला, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी कोअर बनवून ठेवायचे नाहीत असं ठरलं.

तेव्हापासून एक दोनशेपानी वही केली आहे. एका पानावर एक काम. लागू पडलेली सूचना निळ्या पेनाने, आणि ती कुठे फसली ते लाल पेनाने. सूचना मी मराठीतच लिहिते, कधी कधी फोनवर बोलून टाकते. इंग्रजीत विचार करून लिहायला गेले की सांगायचं अर्धं राहून जातं. मराठीत सांगितलं की सगळा संदर्भ आपोआप येतो : हा माणूस जुना आहे, मागच्या वेळी त्याने आपल्याला सांभाळून घेतलं होतं, सुरात कडकपणा नको. फक्त धंद्यातल्या शब्दांवर लक्ष ठेवावं लागतं. ‘काल दोन हीट काढल्या’ असं मी लिहिलं तर इंग्रजी मेलमध्ये दोन वेळा हीट ट्रीटमेंट केल्याचं आलं. आमच्या बोलण्यात हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेला रस. हीट ट्रीटमेंट हे वेगळंच काम, वेगळ्या पैशाचं. आता वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी आहे, आणि ती मी प्रत्येक नव्या संभाषणाच्या सुरुवातीला चिकटवते.

सगळ्यात जास्त वेळ वाचला तो पेमेंटच्या मेलमध्ये. हे काम मला कधीच आवडलं नाही. पैसे आपले, आणि मागताना संकोच आपल्यालाच. एकेक मेल लिहायला अर्धा तास जायचा. आता उधारीच्या यादीतून बिल नंबर, तारीख, रक्कम, किती दिवस उलटले आणि यापूर्वी त्यांच्याशी काय बोलणं झालं एवढं देते आणि तीन मसुदे मागते : पहिल्या आठवणीचा, दुसऱ्यांदा विचारण्याचा, आणि कायद्याचा उल्लेख असलेला. तिसरा क्वचितच पाठवते, पण तो तयार असला की दुसरा मेल पाठवताना हात कचरत नाही.

कायद्याच्या बाबतीत मात्र एआयच्या आठवणीवर मी बिलकूल विसंबत नाही. एकदा त्याने उशिरासाठी १८ टक्के व्याज आकारण्याचा कायदेशीर हक्क आहे असं ठामपणे लिहिलं. आमच्या सीएंनी तो मजकूर तिथेच खोडला. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होत जाणारं व्याज. त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात नवी तरतूद आली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. त्यानंतर मार्च जवळ आला की आमचे फोन जरा लवकर उचलले जातात. हे सगळं सीएंनी लिहून दिलेलं पान मी टाइप करून ठेवलं आहे. कायद्याचा मेल हवा असेल तर ते पान आधी चिकटवते आणि सांगते, यातलंच वापर.

एक्सेलची तर गोष्टच छोटी. कुठल्या रकान्यात काय आहे आणि मला काय काढायचं आहे एवढं सांगितलं की फॉर्म्युला मिळतो. आधी दहा ओळींवर लावून हाताने ताळा करते, मगच पूर्ण शीटवर लावते.

कस्टमरची ड्रॉइंग मात्र मी एआयमध्ये कधीच टाकत नाही, कितीही घाई असो. ड्रॉइंग त्यांची मालमत्ता आहे, त्यावर तसं छापलेलंच असतं, आणि आमच्या मालकांनी गुप्ततेच्या करारावर सही केलेली आहे. उधारीची यादी देतानाही नावं काढून पार्टी अ, पार्टी ब करते. दर तर नाहीच. कुणी याला जुनाट भीती म्हणेल. आमच्यासारख्या छोट्या फाउंड्रीकडे विश्वासाखेरीज दुसरं भांडवल फारसं नसतं, एवढंच मला माहीत आहे.

आणखी एक काम मी एआयकडून काढून घेतलं, कामगारांसाठीच्या सूचना. ‘सर्व कर्मचाऱ्यांना याद्वारे सूचित करण्यात येते की सुरक्षा उपकरणांचा वापर करणे अनिवार्य आहे’ अशी नोटीस बोर्डावर लावली तर कोण वाचणार? मी लिहिलं : ‘भट्टीजवळ जाताना चष्मा, हातमोजे, बूट. यातलं एक जरी नसेल तर जायचं नाही.’ बोर्डावर ते ठळक खडूने लिहिलं. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करायला, ओडिशा आणि बिहारची मुलं आहेत, त्यांच्यासाठी हिंदी मजकूर मात्र एआयकडून करून घेते आणि त्यांच्यातल्याच एकाला मोठ्याने वाचायला लावते. वाचताना तो अडखळला तर तो शब्द बदलते.

गेल्या महिन्यात ऑफिसला एक नवीन मुलगी लागली आहे. बीकॉम झालेली, हुशार. पहिल्याच दिवशी तिने वही मागितली, सगळ्या सूचना फोनमध्ये उतरवून घेते म्हणाली. मी वही दिली, पण त्याआधी आठ दिवस तिला मेल स्वतः लिहायला लावले. चांगला मेल वाचायला कसा वाटतो हे तिला कळल्याशिवाय आलेला मसुदा ती कशावर तपासणार? आठव्या दिवशी वही चाळताना शेवटच्या पानावर ती थांबली. “मॅडम, हीट म्हणजे नक्की काय?”

मी कॉम्प्युटर लॉक केला आणि तिला शेडमध्ये घेऊन गेले. मामांनी तिला स्वतःच्या कप्प्यातला चष्मा दिला, भट्टीपासून लांब, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं केलं आणि म्हणाले, “हितनं बघ, दुसरी हीट निघायलीया.” रसाने भरलेला लॅडल कलला, रस मोल्डमध्ये उतरायला लागला, आणि कडेच्या व्हेंटमधून गॅसच्या निळ्या ज्योती एकेक करून पेटत गेल्या. ती त्या मोजत होती.