भिगवणचा सायप्रनस, ड्रेटनच्या काठावर

मे महिन्यातला रविवार, सकाळी साडेसहाला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून गळाने मासे धरायच्या मॅचला निघालो. मागच्या सीटवर रॉडची बॅग, दोन कीपनेट म्हणजे धरलेले मासे ठेवायची जाळी, खुर्ची, भिजवायचे पेलेट म्हणजे माशांच्या खाण्याच्या गोळ्या, आणि बायकोने दिलेला पोळीभाजीचा डबा. ए४५ ने डॅव्हेंट्री अर्ध्या तासाच्या आसपास. गावाबाहेरच ड्रेटन रिझर्व्हायर आहे, ग्रँड युनियन कालव्याला पाणी पुरवणारा तलाव, त्यात कार्प मासे सोडलेत आणि मॅच खेळणाऱ्यांमध्ये त्याचं नाव आहे. मे मध्ये तलावच बरा पडतो कारण इंग्लंडमध्ये १५ मार्च ते १५ जून नद्यांवर मासे धरायला बंदी असते, विणीचा काळ म्हणून. बहुतेक तलावांना ती लागू नाही, पण रॉड लायसन्स मात्र सगळीकडे हवंच.

मी मूळचा भिगवणचा, उजनीच्या बॅकवॉटरला लहानपणी आबांबरोबर गळ टाकून बसायचो, कणकेचा गोळा लावून. चिलापी तर मिळायचीच, पण एखादा सायप्रनस लागला की आबा उभेच राहायचे. इथे ज्याला कार्प म्हणतात तो हाच मासा, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आदल्या रात्री फोनवर आबा म्हणाले, "कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळ, हटकून येतो." त्यांना सांगितलं, आबा, इथे बऱ्याच तलावांवर शेंगदाणा चालत नाही, नीट न शिजवलेला दाणा माशाच्या पोटाला वाईट. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग बरोबर आहे त्यांचं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या या खेळाला इथे कोर्स फिशिंग म्हणतात, म्हणजे ट्राउट-सॅमन सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे, कार्प, ब्रीम, रोच, टेंच वगैरे. मॅचमध्ये दिवसभराचे मासे कीपनेटमध्ये पाण्यातच ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि सगळे परत सोडायचे. ज्याचं एकूण वजन जास्त तो जिंकला. गळाला काटा नसतो, म्हणजे टोकामागे जो उलटा दात असतो तो नसतो, त्यामुळे माशाचं तोंड फाटत नाही. जाळी कोरडी ठणठणीत लागते, एका तळ्यातला रोग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून.

सकाळी पिशवीत हात घालून नंबर काढायचा, तो तुमचा पेग, म्हणजे काठावरची बसायची जागा. मला २३ आला. शेजारच्या पेगवर एक सत्तरीचे आजोबा होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि म्हणाले, "वारं तुझ्या तोंडावर येतंय, नशीबवान आहेस बाबा, मासे इकडेच ढकलले जाणार." तेव्हा मला वाटलं होतं की अंगावर वारं म्हणजे त्रास, पण त्यांचं खरं निघालं.

दहाला शिट्टी झाली आणि सगळ्यांनी एकदमच टाकलं. मी मेथड फीडर लावला होता. ही एक वजनदार चौकट असते, त्यावर ओले बारीक पेलेट साच्यात दाबून बसवायचे आणि मधे गळाला एक मोठं पेलेट. तळाला गेलं की पेलेट हळूहळू सुटतात, मासा ते चोखत चोखत गळापाशी येतो. रीलवरची दोरी तीस मीटरवर क्लिपला अडकवली, म्हणजे दरवेळी फीडर एकाच जागी पडतो आणि मासे तिथेच गोळा होतात. पहिला तास नुसतं टाका, पाच मिनिटं थांबा, ओढा, परत भरा. अकरानंतर रॉडचं बारीक टोक एकदा थरथरलं आणि पुढच्याच क्षणी अख्खं वाकून पाण्याकडे गेलं! मी हडबडून रॉड मागे खेचला, तर मासा आत पळाला, दोरी क्लिपलाच अडकलेली, आणि ताडकन तुटली. ते मला फार लागलं, कारण गळ माशाच्या तोंडात राहिला. बिनकाट्याचा असल्यामुळे तो लवकर सुटून पडतो, तेवढंच समाधान. पुढच्या प्रत्येक माशाला मी आधी क्लिप सोडवायची तयारी ठेवली आणि एकही तुटला नाही.

दुपारपर्यंत सात कार्प आणि एक ब्रीम. मग एकदम शांत. आजोबांकडे बघितलं तर ते लांब टाकायचं सोडून काठापासून दोन-तीन हातांवर लहान लहान चिमटीने पेलेट टाकत होते. म्हणाले, "उन्हं कलली की मोठे काठाला चरायला येतात, पण खाणं आधीपासून टाकावं लागतं. आणि पाय आपटू नकोस." मीही तसंच केलं, खुर्ची अजिबात हलवली नाही. पावणेतीनला काठालगतचं पाणी गढूळ झालं, बुडबुडे आले, आणि शेवटच्या सव्वा तासात पाच कार्प लागले, त्यातला एक सहा पौंडांचा. चटईवर ठेवून ओल्या हाताने गळ काढला तेव्हा तोंडाच्या कडेच्या त्या चार छोट्या मिशा दिसल्या, जाड रबरासारखे ओठ, आणि पोटाकडे लोण्यासारखा पिवळा रंग. अगदी उजनीतला.

चारला परत शिट्टी. तराजूवाले येतात तोपर्यंत मासे पाण्यातच. माझे ४१ पौंड भरले, म्हणजे साडेअठरा किलोच्या वर. आजोबांचे ६८. माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे काठाच्या माझ्या भागात, मी चौथा आलो, आणि माझ्या तिसऱ्याच मॅचला हे मला खूप वाटतं. जाळं पाण्यात आडवं करून तोंड उघडं धरलं, आधी कोणीच हललं नाही, मग एक शेपूट वळली आणि सगळे एकामागे एक गेले.

घरी येऊन आबांना सहा पौंडीचा फोटो पाठवला. लगेच फोन. "सायप्रनसच की रं हा! सोडला ना?"

"सोडला आबा."

"बरं. ओढत किती होता सांग."

पुढचा अर्धा तास मी तेच सांगत बसलो.