हात पुरते का?

१६ डिसेंबर, रात्री

दुपारी वावरातून आलो तेव्हा मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, ओसरीत बसून कापसातली किडकी कवडी वेगळी काढत होती. चहा झाला होता. माझा गोड, तिचा कोरा आणि फिका. सोळा डिसेंबरला ती गोड तोंडात घालत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे, कोणी त्यावर बोलत नाही.

मी कॉलेजात असताना तिनंच एकदा सांगितलं होतं. १९७१ साली याच संध्याकाळी पाराजवळ रेडिओ लावला होता. ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आल्याची बातमी आली. पोरं ओरडत गावभर पळाली, कोणीतरी गुळाची भेली फोडली. "म्याबी खाल्ला रे. दोन खडे खाल्ले. तुही ताई कडेवर होती, तिलेबी चाटवला. लढाई सरली, आता येते म्हणलं."

चौथ्या दिवशी तार आली. मोठेबाबा, तिचे यजमान, पश्चिमेच्या आघाडीवर ९ तारखेलाच कामी आले होते. गावात गूळ वाटला तेव्हा त्यांना जाऊन सात दिवस झाले होते.

तार इंग्रजीत. पोस्टमननं शाळेतून मास्तरांना बोलावलं. मास्तर वाचून काही न बोलता खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती टोपी निघाली तेव्हाच समजलं, असं मोठी माय म्हणते. २०१३ च्या जुलैत सरकारनं तारसेवा बंद केली, त्या दिवशी टीव्हीवर लोक शेवटची तार पाठवायला रांगा लावून उभे होते. ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा," आणि उठून आत गेली.

मोठेबाबा महार रेजिमेंटचे. ही रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली आणि त्यासाठी बाबासाहेब किती झगडले, हे आम्ही घरात लहानपणापासून ऐकत आलो. सागरला ट्रेनिंग झालं. रेजिमेंटचं ब्रीद ‘यश सिद्धी’. आमच्या भिंतीवर तथागत, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी वर्दीतले मोठेबाबा आहेत. मी त्यांना पाहिलं नाही, माझा जन्म नंतरचा. फोटोत ते चोवीस वर्षांचे आहेत आणि माझा थोरला मुलगा यंदा सत्तावीसचा झाला.

तेव्हा पार्थिव गावी येत नसे. तिकडेच, पलटणीच्या हातून अग्नी दिला गेला. घरी आली ती एक काळी लोखंडी पेटी. त्यात लोकरीची जर्सी, दाढीचा ब्रश, एक कंगवा आणि अंगाच्या साबणाची अर्धी वडी. ती वडी अजून आहे. मी पाहिली आहे. फडक्यात बांधून धान्याच्या कोठीमागे ठेवलेली असते. वाळून तिला भेगा पडल्यात, वास कधीचाच उडाला. पण एका अंगानं ती खोलगट झिजलेली आहे, हातात घेतली की अंगठा बरोबर तिथंच बसतो. मी एकदाच घेतली हातात. परत घ्यायची हिंमत झाली नाही.

कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून, जवानाला गावी आणायची रीत पडली. काही वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातल्या एका गावात एक पोरगा तिरंग्यात आला. मोठी मायनं हट्ट धरला, मले ने. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ती तीन तास उभी होती. बंदुकीच्या सलामीला आजूबाजूची माणसं दचकली, ती हलली नाही. तिचं सगळं लक्ष त्या पोराच्या आईकडे होतं. आईनं पेटीवर दोन्ही हात ठेवले होते आणि ती ते काढत नव्हती. परत येताना जीपमध्ये मोठी माय एवढंच बोलली, "तिले हात तं लावता आला."

‘अमर रहे’ मी वर्षानुवर्षं ओरडत आलोय, शाळेत, चौकात, अगदी घसा बसेपर्यंत. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दिवशी जीपमध्ये मला कळलं की हिला कशाची भूक आहे ते आम्ही कधी विचारलंच नाही. पेन्शन मिळते, आणि तिचा तिला आधारही आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं. मशीन तिचा अंगठा घेत नाही, पन्नास वर्षं कापूस वेचून आणि निंदण करून रेषाच राहिल्या नाहीत. यंदाही तीन खेपा झाल्या. ज्या बाईनं विशीत एवढं दिलं तिला पंच्याहत्तरीत खुर्ची न देता उभं ठेवतात, याचा मला फार राग येतो आणि तो इथं लिहून ठेवतो.

आज सांगायचं ते वेगळंच आहे. ताईचा मुलगा नोकरीच्या परीक्षेसाठी दिल्लीत असतो. तो आज इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेला. २०१९ मध्ये झालेलं हे स्मारक. तिथं गोलाकार भिंतींवर, त्यागचक्रात, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं दगडात कोरली आहेत. त्यानं शोधून शोधून आजोबांचं नाव काढलं आणि फोटो पाठवला.

मी फोन तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नाही. "यात कोणतं तेचं?" मी बोट ठेवून दाखवलं. मग तिनं आपला अंगठा त्या नावावर टेकवला. अंगठा लागताच फोटो सरकला, नाव बाजूला गेलं. तिनं घाबरून हात मागे घेतला, "मिटलं का?" मी नाव परत आणलं. पुन्हा टेकवला, पुन्हा सरकलं. अंगठा न घेणारं मशीन आठवलं आणि मला पुढं बघवेना.

थोडा वेळ ती कवडी काढत राहिली. मग विचारलं, "किती उंच हाय ते नाव? हात पुरते का?"

मी लगेच भाच्याला फोन लावला. तो अजून तिथंच होता. म्हणाला, मामा, माझ्या छातीएवढं आहे, आजीच्या खांद्याशी येईल. आणि रोज संध्याकाळी इथं एका हुतात्म्याच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात, आजीसाठी विचारू का?

मोठी मायला सांगितलं. पुष्पचक्राचं तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उजवा हात उचलून आपल्या खांद्याजवळ आणला, हवेत तसाच धरला, आणि उंचीचा अंदाज घेतला.

"पुरते," म्हणाली. "वेचा सरू दे. मंग जाऊ."