क्लिपरचे तापणे, नोंद सातवी: गेल्या सर्व नोंदींतील तापमाने बाद, पण उष्णतेचे मूळ सापडले

केस कापण्याचा माझा बॅटरीवरचा क्लिपर वापरताना फार तापतो, आणि त्याचे कारण मी या नोंदींत शोधत आहे. मागच्या नोंदीत मी उष्णता बाहेर काढण्यासाठी मोटारीभोवती ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळण्याचा बेत सांगितला होता. तो रद्द केला आहे, आणि त्याचबरोबर पात्याच्या तापमानाचे आजवर दिलेले सर्व आकडे मागे घेत आहे.

बारा मिनिटे क्लिपर चालवल्यावर इन्फ्रारेड तापमापक पात्यावर ३४ अंश दाखवत होता, पण बोट दोन क्षणांपेक्षा जास्त टेकवता येत नव्हते. या विसंगतीकडे मी फार दिवस दुर्लक्ष केले. चकचकीत पोलाद स्वतःची उष्णता प्रारणातून फारच कमी बाहेर टाकते आणि आरशासारखी भोवतालची उष्णता परावर्तित करते. स्वस्त इन्फ्रारेड तापमापकांची उत्सर्जकता (पृष्ठभाग प्रारणातून किती उष्णता बाहेर टाकतो, याचा गृहीत धरलेला आकडा) मात्र बहुधा ०.९५ वर कायमची बांधलेली असते, त्यामुळे ते पात्याऐवजी मुख्यतः खोलीचे तापमान वाचतात. पात्याच्या टाचेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा लहान तुकडा चिकटवून त्यावर तापमापक रोखला, तेव्हा ५१ अंश दिसले. टेपखाली के-प्रकारचे थर्मोकपल (धातूला टेकवून तापमान मोजणारी दोन तारांची जोडणी) बसवून पडताळले, तर एका अंशाचाच फरक निघाला. त्वचेला साधारण ४३ ते ४५ अंशांच्या दरम्यान वेदना जाणवू लागते, हे लक्षात घेता ५१ हा आकडा मुळीच चालण्यासारखा नाही. उघड्या धातूसाठी थर्मोकपलच वापरावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

यानंतर उष्णता नेमकी कोठे निर्माण होते, हे शोधण्यासाठी बॅटरीच्या तारेत अँपिअरमापक जोडला. पाती काढून नुसती मोटार चालवली तेव्हा ०.१८ अँपिअर प्रवाह वाहिला, आणि पाती बसवून त्यांचा एकमेकांवरचा दाब ठरवणारा स्क्रू नेहमीसारखा आवळल्यावर तो ०.९५ वर गेला. म्हणजे प्रवाह सव्वापाच पट झाला. मोटारीच्या गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तेथील तापणे जवळपास अठ्ठावीस पट झाले. मी ज्या मोटारीला आठवडेच्या आठवडे दोष देत होतो, ती खरे तर पात्यांचे घर्षण रेटून रेटून तापत होती. पाती स्वतःही तापत होती, आणि त्वचेला टेकतात ती पातीच.

स्क्रू पाव फेरा सैल केला तर प्रवाह ०.६० वर उतरला, परंतु केस कापले जाण्याऐवजी दात्यांमध्ये दुमडून ओढले जाऊ लागले. आवळावे तर तापते आणि सैल करावे तर ओढते, या पेचात तीन संध्याकाळी गेल्या. तेल बदलले, दोन थेंबांचे चार थेंब केले, कॅमवरचे (मोटारीच्या फिरण्याने पाते सरकवणाऱ्या भागावरचे) जुने घट्ट ग्रीस पुसून पातळ थर दिला. त्याने प्रवाह थोडासा कमी झाला, पण मूळ अडचण जशीच्या तशी राहिली.

अखेर सरकत्या पात्याच्या घासणाऱ्या बाजूवर मार्करची शाई फासली आणि क्लिपर काही सेकंद चालवून पाते उघडून पाहिले. ज्या जोडीला कधीच धार लावलेली नव्हती, तिच्यावर शाई फक्त दात्यांजवळच्या अरुंद पट्टीत आणि मागच्या कडेला पुसली गेली होती. माझ्या जोडीवर मात्र ती जवळजवळ सर्वत्र पुसली गेली होती. चांगल्या पात्याचा घासणारा पृष्ठभाग मुद्दाम किंचित खोलगट ठेवलेला असतो, म्हणजे स्प्रिंगचा दाब धारेवर एकवटतो आणि मधला भाग एकमेकांना टेकत नाही. चौथ्या नोंदीत मी काचेवर एमरी पेपर ठेवून जी धार लावली होती आणि जिचे समाधान इथे नोंदवले होते, तिनेच हा खोलगटपणा घासून टाकला होता. पाते धारदार झाले, पण सपाटही झाले. मग धारेवर पुरेसा दाब यावा म्हणून स्क्रू जास्त आवळावा लागला, आणि तेलाच्या पातळ थरामुळे दोन्ही सपाट पृष्ठभाग एकमेकांना चिकटल्यासारखे ओढत राहिले. ज्यांनी ती नोंद वाचून तसेच केले असेल, त्यांनी शाईची ही चाचणी अवश्य करावी.

नवी जोडी बसवल्यावर प्रवाह ०.५२ अँपिअर आणि बारा मिनिटांनंतरचे तापमान ३९ अंश आले, तेही केस न ओढता. हा आकडा पाहून मी चाचणी लगेच आणखी दोनदा केली आणि दोन्ही वेळा तो टिकला. ही जोडी तेलकट कागदात घट्ट गुंडाळून आली होती आणि दात्यांवर गंजाचा ठिपकाही नव्हता. सुटी पाती घेताना मी यापुढे ही गोष्ट आधी पाहीन.

मोटारीजवळ हवेसाठी भोके पाडण्याची सूचना काहींनी केली होती, पण ती मी स्वीकारत नाही, कारण बारीक केस आत जाऊन कॉम्यूटेटरपाशी (मोटारीच्या फिरत्या गुंडाळीला वीज पोहोचवणाऱ्या भागापाशी) साचतील. थंड करणारा फवारा पाते क्षणभर गार करतो, पण त्याबरोबर तेलही धुऊन नेतो. तो वापरला तर लगेच पुन्हा तेल घालणे आवश्यक आहे. सिरॅमिकचे सरकते पाते पुढच्या महिन्यात घेणार होतो. मात्र सिरॅमिक उष्णता फारशी वाहून नेत नसल्याने घर्षणाची बरीचशी उष्णता खालच्या, त्वचेला टेकणाऱ्या पोलादी पात्यात जाईल, अशी शंका वाटते. त्यामुळे ती चाचणी खालच्या पात्यावर थर्मोकपल लावूनच करावी लागेल.

हे लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट सुचली. स्क्रू किती आवळायचा हे आपण आवाजावरून आणि हाताच्या अंदाजाने ठरवतो, पण प्रवाह पाहून ते कितीतरी अचूक ठरवता येईल. केस स्वच्छ कापले जातात असा सर्वांत कमी प्रवाह प्रत्येक जोडीसाठी एकदा शोधून ठेवावा, आणि पुढे तोच प्रवाह वाढलेला दिसला तर तेल, साचलेले केस किंवा बोथट धार यांपैकी कशाची तरी ती पूर्वसूचना समजावी. म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीसाठी राखलेल्या जागेत आता लहान शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा तुकडा) आणि अंकदर्शक बसवतो आहे. सपाट झालेली जोडी खोलगट घासणी करून देणाऱ्या कारागिराकडे दिली आहे. ती परत आली की प्रथम शाई, मग प्रवाह आणि शेवटी तापमान, याच क्रमाने मोजीन.