ढेरी आता फक्त सावकाराची राहिली नाही

मराठवाड्यात पोट सुटलेलं दिसलं की लोक अजून म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतोय." हे आता निम्मंच खरं आहे. नोकरदार आणि गुत्तेदारांकडे लठ्ठपणा जास्त आहेच, पण बीड-जालन्याकडून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांकडे आलेल्या, बारा तास खुर्चीत बसणाऱ्या वॉचमनचंही पोट सुटलंय. हातपाय काटक्या, पोट मात्र पुढं. वजनकाट्यावर हे सापडत नाही.

म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून मोजा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्यापुढं धोका. पँटीच्या मापावर जाऊ नका, ती ढेरीखाली बांधलेली असते. परकराच्या नाडीवरून घेतलेलं मापही फसवं.

गरिबाच्या घरात हे का शिरलं? रेशनवर गहू-तांदूळ फुकट, ज्वारी बहुतेकदा विकत, डाळ त्याहून महाग. ज्वारीत जादू नाही म्हणा, पिठातले उष्मांक गव्हाएवढेच. पण भाकरीला तेल लागत नाही, पोळीच्या पदराला लागतं. सगळ्यात स्वस्तात पोट भरतं ते तेल, साखर आणि मैद्यानं. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे जवळपास 50 ग्रॅम साखर, 200 उष्मांक. वर बिस्किटाचा पुडा. शेतात राबताना हे जिरायचं, खुर्चीत बसून जिरत नाही.

तेलाचा हिशेब कॅनवरच ठेवा. पाच लिटरचा कॅन फोडला की त्यावर तारीख लिहा. माणशी रोज 25 ग्रॅम धरलं तर चौघांना तो पंचेचाळीस दिवस पुरायला हवा. महिन्यात संपला तर माणशी 38 ग्रॅम जातंय. फोडणी बहुतेक घरात थेट कॅनमधून ओतली जाते, तिथंच घोळ. छोट्या बरणीत काढा आणि चमच्यानं घाला. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 उष्मांक.

वॉचमनला "जिम लावा" सांगणं म्हणजे थट्टाच. त्यानं बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे खिशात ठेवावेत, चहात साखर एकच चमचा घ्यावी, दर तासाला गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत फेरी मारावी. ड्युटी रात्रीची असेल तर जेवण ड्युटीवर जायच्या आधी उरकावं, मध्यरात्री डबा उघडू नये. वय तिशीपुढं असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर फुकट तपासतात. टेपवर 90 च्या (बायकांनी 80 च्या) पुढं गेलेल्यांनी आधी तिथं जावं.